काडीच्या टोकावरचा पराग

८ मार्च, रविवार

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, गावच्या सभागृहात, प्रदर्शनाच्या तिसऱ्या पायरीवरच्या डावीकडून चौथ्या कुंडीतून माझी चोरी झाली. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घेतली. शाळेत सिस्टर मागदालेन सांगायच्या, तक्रार लिहायची तर आधी तारीख, वेळ आणि जागा लिहा, राग शेवटी लिहा; तोवर तो पुष्कळदा गेलेला असतो. माझा गेलेला नाही.

चोरी परागाची. चोर नोझू सेइगो, वय अठ्ठ्याहत्तर, सादो बेटाच्या बोटीवर सदतीस वर्षं इंजिन सांभाळून निवृत्त, राहणार आमच्या कुंपणापलीकडचं घर, आमच्या ह्यांचे जुने मित्र. हत्यार, दात कोरायची काडी.

आमच्या युकिवारीसो मंडळाच्या प्रदर्शनात दीडशे कुंड्या होत्या. युकिवारीसो म्हणजे बर्फ हटता हटता फुलणारं वीतभर उंचीचं रोप, त्याच्यासाठी माणसं वर्षभर कंबर मोडून घेतात. हल्ली सगळ्यांना भरगच्च फुलं लागतात, पाकळीवर पाकळी, झालरीवर झालर. माझं फूल साधं, सहा पाकळ्यांचं. कडेला पांढरं आणि आत उतरत जाणारं निळं, हिमवर्षावाच्या आधी समुद्र जो रंग धरतो तसं. परीक्षकांनी त्याच्यापुढे पाच सेकंदही काढले नाहीत. मी मोजली. नोझू मात्र त्याच्यापुढे उकिडवे बसून राहिले होते. मला वाटलं, चला, गावात एकाला तरी नजर आहे. मी चहाचा पेला ठेवून वळले तर ह्या गृहस्थांनी काडी फुलात घालून फिरवली, कागदाच्या पुडीत ठेवली आणि पुडी खिशात.

"नोझूसान, काय करताय?"

"टिकलीभर घेतला, वहिनी."

"विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"म्हणून चोरायचं?"

"काय?"

इंजिनाच्या खोलीनं त्यांचे कान नेले आहेत, आणि ऐकण्याचं यंत्र ते खिशात ठेवतात, कारण कानात घातलं की लोक बोलतात असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे 'चोरी' हा शब्द मला तीनदा, चढत्या आवाजात म्हणावा लागला. हात्सुको मंडळाची चिटणीस, माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिनं मला कोपरानं ढोसलं. म्हणाली, "पुरे गं तामायो. सगळ्या गावाला ऐकू गेलं, त्यांना सोडून."

वर हे महाशय उठता उठता कुंडीतलं शेवाळ बोटानं दाबून पाहतात आणि म्हणतात, "पाणी फार धरते ही. घरी गेल्या गेल्या बाहेर काढा रोप." विषय बदलणं कुणी नोझूंकडून शिकावं.

१० मार्च, मंगळवार

रागावर दोन दिवस गेले. आता मुद्देसूद लिहिते.

हे रोप कोहेईंनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, सहा वर्षांपूर्वी पेरलं. बी पेरल्यावर चार-पाच वर्षं नुसती पानं पाहायची असतात. तीन वर्षांपूर्वीच्या शरदात हे गेले. फूल आलं ते ह्या फेब्रुवारीत. म्हणजे ह्यांनी ते पाहिलं नाही. जगात असं रोप एकच आहे. अजून एकच कोंब आहे, फोडून दोन करता येत नाही. ह्यांनी आणखी बारा पेरली होती, ती सगळी इस्पितळाच्या उन्हाळ्यात वाळली, मी तेव्हा कुंड्यांकडे पाहत नव्हते.

आता कुणी म्हणेल, पराग घेतला तर रोपाचं काय कमी झालं? काही नाही. पण त्या परागातून जे येईल ते कुणाचं म्हणायचं? अडतीस वर्षं नगरपालिकेत मी जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर बसले. बापाचं नाव न विचारता मी एक पान पुढे जाऊ दिलेलं नाही.

दुपारी नोझू दारात उभे. हातात मातीची साधी, कच्ची भाजलेली, उंच कुंडी आणि पिशवीभर नवी खडी. "प्रदर्शन झालं वहिनी. आता नवरीचे कपडे उतरवा."

रिवाज मलाही माहीत आहे. प्रदर्शनापुरतं रोप झिलईच्या देखण्या कुंडीत घालायचं आणि नंतर परत साध्या कुंडीत. पण ही निळी कुंडी ह्यांनी सादोच्या कुंभाराकडून ह्याच रोपासाठी आणून ठेवली होती. 'हे फुलेल तेव्हा,' म्हणाले होते. गेल्या वर्षी नुसती रिकामी बघवेना म्हणून मी तिच्यात ह्यांचं जुनं पांढरं रोप ठेवलं होतं. ते ऑगस्टमध्ये गेलं. वय झालं होतं त्याचं.

मी म्हटलं, "ज्यानं माझ्या कुंडीतून चोरलं त्याच्याकडून मी भांडी घेत नाही." हे मी त्यांच्या कानाशी म्हटलं, म्हणजे पुन्हा म्हणावं लागू नये. ते कुंडी पायरीवर ठेवून गेले. मी ती लाथेनं नव्हे, हातानं, पण बाजूला सारली.

रोप निळ्या कुंडीतच राहील.

२२ मार्च, रविवार

कुंपणावरून पाहिलं. मुद्दाम नाही, कपडे वाळत घालताना. नोझूंच्या ओट्यावर त्यांचं पांढरं दुहेरी फूल आहे, पुंकेसरांच्या जागी आत पाकळ्यांचं दुसरं कडं असतं ते. त्याच्या दांड्याला तांबडा दोरा बांधलाय. म्हणजे तिथे लावला पराग. लग्न लागलं. आम्हाला आमंत्रण नाही.

५ एप्रिल, रविवार

ईस्टर. शाळेच्या सवयीनं अंडी उकडली, रंगवली नाहीत. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही, पण बारा वर्षं ज्या सवयी लावल्या त्या काही कागदावर सही घेऊन लागत नाहीत. दोन अंडी जास्त झाली. कुंपणावर ठेवली. सकाळी नव्हती. मांजर असेल.

९ मे, शनिवार

आज मी पुरावा पाहायला गेले. दार ठोठावून उपयोग नसतो, सरळ मागच्या ओट्यावर गेले. फूल गळून त्याजागी हिरव्या बियांचा गोंडा धरलाय आणि त्याच्यावर चहाची जाळीची पिशवी बांधलेली. बी हिरवं असतानाच गळतं, आणि गळलं की मुंग्या नेतात. पिशवी व्यवस्थित होती. दोऱ्याची गाठ मात्र वेडीवाकडी.

"गाठ सुटेल ही," मी म्हटलं.

"हात थरथरतात हल्ली. तुम्ही बांधा."

मी बांधली. म्हणजे चोरीत सहभाग नव्हे. माल सुरक्षित राहावा म्हणून.

"किती वर्षांनी फुलतील?" मला माहीत होतं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"चार. पाच."

"आणि पहिल्या पिढीत बहुतेक साधीच. दुहेरी हवी तर त्यांच्यापासून पुन्हा बी धरायला हवं. आणखी पाच. तुम्ही अठ्ठ्याऐंशीचे असाल."

"तुम्ही ब्याऐंशीच्या."

"मी माझं विचारलं नव्हतं."

"दुहेरी नकोच आहेत मला," ते म्हणाले. "कोहेईचं साधंच छान होतं."

'होतं' म्हणाले. मी म्हटलं, "आहे." त्यांनी ऐकलं नाही, किंवा तसं दाखवलं. मग विचारलं, "दिवसातून किती वेळा पाणी घालता?" मी म्हटलं, "गरजेइतकं." साधी कुंडी अजून पायरीच्या कडेला आहे का, असंही विचारलं. माणूस चोर आहे तो आहे, वर हट्टी.

२४ मे, रविवार

बी पिशवीत गळलं. अकरा दाणे. नोझूंनी ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून मला हाक मारली. हाक कसली, भोंगाच. गल्लीतल्या तीन खिडक्या उघडल्या. समोरून हात्सुको आपल्या दुकानातल्या टोफूचा डबा घेऊन चालली होती, ती मोठ्यानं म्हणाली, "जा जा, बोट सुटेल."

ताजं बी लगेच पेरावं लागतं, वाळलं की संपलं. त्यांनी चिमट्यात पहिला दाणा धरला आणि तो थरथरून खडीत उडाला. पाच मिनिटं आम्ही दोघं डोकी एकत्र करून तो शोधत होतो. सापडला. मग मी चिमटा काढून घेतला. अकराही मीच पेरले, एकेक करून, टोकाची बाजू खाली. ते प्रत्येकावर बोटानं बारीक खडी भुरभुरत होते.

मग नावाची पट्टी लिहायची वेळ आली. आईकडे 'नोझू, पांढरं दुहेरी'. बापाकडे ते लिहिणार होते 'इसोबे कोहेई'. मी सांगितलं, रोपाचा बाप रोप असतो, माझे यजमान नव्हेत. ते हसायला लागले, इतके की खोकला आला. पाणी द्यावं लागलं.

पट्टीवर शेवटी 'इसोबे, निळं साधं' असं लिहिलं. माझ्या अक्षरात. नोंद बरोबर आहे.

१९ जुलै, रविवार

पावसाळी दिवस संपले. उकाडा. निळ्या कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. पानं मोठी, जाड, तजेलदार. कुणी काही म्हणो.

५ ऑगस्ट, बुधवार

डोंगरावरून उतरणारा कोरडा गरम वारा दोन दिवस सुटला आहे. काल अडतीस अंश. आज सकाळी सातला पाहिलं तर पानं कुंडीच्या कडेवर पडलेली. पाणी घातलं. नऊला पुन्हा घातलं. दहाला देठाला हात लावला आणि देठ हातात आला.

मी ते उलटं करून काढलं. निळ्या कुंडीला तळाशी एकच भोक, आणि ते शेवाळानं बंद. मुळं काळी. एकही पांढरं मूळ नाही. वास मी इथे लिहीत नाही.

सिस्टर मागदालेन शनिवारी आम्हाला स्वतःचे दोष वहीत लिहायला लावायच्या, आणि 'दुसऱ्यामुळे' हा शब्द वाक्यात आला की ते वाक्य खोडायच्या. म्हणून असं लिहिते. रोप मी मारलं. ते साध्या कुंडीत घालायचं, हे मला माहीत होतं. मी घातलं नाही, कारण कुंडी ह्यांनी आणली होती, आणि कारण बाहेर काढा असं सांगणारा माणूस मला तेव्हा आवडत नव्हता. गेल्या वर्षीचं पांढरंही मीच मारलं. त्याचं वय झालेलं नव्हतं.

दुपारी मी मुळं वर्तमानपत्रात घेऊन नोझूंकडे गेले. त्यांनी पाहिलं. बोटांत घेऊन चुरगळून पाहिलं, एखादा जिवंत तंतू आहे का म्हणून. मग कागद नीट दुमडला. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं. उठून आत गेले, थंड नूडल्स आणले, दोन वाडग्यांत. मला भूक नव्हती. मी सगळे खाल्ले.

१३ ऑगस्ट, गुरुवार

पितरांचे दिवस. सकाळी सहाला ह्यांच्या थडग्यावर गेले, ऊन व्हायच्या आत. तिथे नोझू आधीच. त्यांच्या बायकोचा दगड धुऊन झाला होता आणि बादलीतलं उरलेलं पाणी ते ह्यांच्या दगडावर घालत होते. दरवर्षी घालतात असं दिसलं. दगडाची ती बाजू नेहमी स्वच्छ असते, मी ते पावसाचं काम समजत होते.

मी ह्यांना रोपाचं सांगायला गेले होते. माणूस शेजारी असताना कसं सांगायचं. मग लक्षात आलं, नोझूंच्या कानांची काय भीती. मी सांगून टाकलं, मोठ्यानं नाही, साध्या आवाजात. कुंडी किती सुंदर दिसत होती तेही सांगितलं.

नोझू दगड पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "कोहेई रागावत नसे कधी."

"ऐकलंत तुम्ही?"

"आज यंत्र घातलंय कानात."

मी त्यांना बादली उचलू दिली नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं. परतीच्या उतारावर त्यांनी मला "तामायोसान, जपून" म्हटलं. चाळीस वर्षांत वहिनीखेरीज काही म्हटलेलं नाही. पायरी निसरडी होती, घाईत तोंडातून निघालं असेल.

२० सप्टेंबर, रविवार

रविवारी दुपारी नोझू माझ्याकडे जेवतात, हे हात्सुकोनं सगळ्या गावाला सांगितलं आहे. मी तिला स्पष्टीकरण दिलं: बियांची कुंडी त्यांच्याकडे, तिची पाहणी आठवड्याला व्हायला हवी, ती मी रविवारी करते, आणि पाहणी करून आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं बरं दिसत नाही.

"पण पाहणी तू करतेस," हात्सुको म्हणाली, "आणि जेवतात ते."

टोफूवाल्यांना तर्कशास्त्र शिकवू नये.

१८ ऑक्टोबर, रविवार

नोझू पडले. गुरुवारी, स्वतःच्याच ओट्याच्या पायऱ्यांवरून, सावलीची जाळी काढताना. खुबा मोडला. नागाओकाच्या इस्पितळात आहेत. हात्सुकोच्या सुनेच्या गाडीतून मी आज जाऊन आले. ओसाकाहून मुलगी आली आहे, रेइको. नीटनेटकी, बोलायला गोड, प्रत्येक वाक्य 'बाबांच्या भल्यासाठी' असं सुरू करते.

ती मला बाहेर घेऊन गेली. बाबा आता एकटे राहू शकणार नाहीत. ओसाकात अकराव्या मजल्यावर खोली आहे. वसंतात हे घर काढून टाकायचं.

"आणि त्यांची रोपं?"

"कुणाला हवी असतील तर न्यावीत ना, मावशी. आमच्याकडे उन्हाळ्यात ती जगायची नाहीत, बाबाच म्हणतात."

आत नोझू छताकडे बघत होते. यंत्र खिशात. निघताना म्हणाले, "खडी वाळू देऊ नका."

तेवढं मला सांगायला नको.

३ नोव्हेंबर, मंगळवार

परवा नोझूंना ओसाकाला नेलं. अ‍ॅम्ब्युलन्समधून आगगाडीपर्यंत. हात हलवला. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, पाण्यासाठी. दोन घरांत पाणी घालायचं म्हणजे सकाळ जाते. बरंच आहे.

बियांची कुंडी आपल्याकडे आणावी का? आणली नाही. ती त्यांच्या ओट्यावर असते. तिथेच असावी.

२२ नोव्हेंबर, रविवार

आज मी जे केलं ते कुठल्याही मंडळाच्या सभासदानं करू नये. नवशिक्यांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, पेरलेलं उकरू नका. सहा महिने नुसत्या खडीला पाणी घालते आहे. खडी काही सांगत नाही. मी चिमटा घेतला आणि कडेचा एक दाणा उकरला.

साल फाटलेली. खालून पांढरं मूळ, नखाएवढं, सरळ खाली चाललेलं.

मी ते लगेच झाकलं. वर बारीक खडी भुरभुरली, त्यांच्यासारखी, बोटानं.

घरी येऊन ओसाकाला फोन केला. रेइकोनं उचलला. "मूळ फुटलंय म्हणून सांग त्यांना," म्हटलं. तिनं ओरडून सांगितलेलं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मावशी, बाबा नुसते मान हलवतायत." कशी हलवतायत, विचारलं. तिला ते सांगता येईना.

२७ डिसेंबर, रविवार

बर्फ गुडघ्यापर्यंत. त्यांच्या ओट्यावर गवती चटया टाकून आले. रविवार. दोघांचा तांदूळ भिजत घातला होता सवयीनं. दोन वेळा जेवले.

३१ जानेवारी, रविवार

हात्सुको आली. तिनं सांगितलं, रेइको मार्चच्या दहा तारखेला घर बघायला माणूस आणते आहे. कुंड्या मंडळानं वाटून घ्याव्यात असं पत्र तिला, चिटणीस म्हणून, आलं आहे.

"तुला काय वाटतं गं?" तिनं विचारलं.

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. चहा थंड होतोय, बोल."

मी चहा पिऊन टाकला. मग ती म्हणाली, "शाळेत तू सिस्टरना अर्ज केला होतास आठवतं? खिडकीजवळची जागा मला का नाही म्हणून. दोन पानी. नुसतं हात वर करून मागितली असतीस तर मिळाली असती."

मी म्हटलं, अर्जानंही मिळाली होती.

"हो," ती म्हणाली. "तेच म्हणतेय."

१४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेआठ. चटई काढली. खडीतून सात वाकडे हिरवे कोंब वर आले आहेत, डोकी अजून खाली. दहापर्यंत ऊन लागलं आणि दोघांनी डोकी उचलली. दोन-दोन पानं, तांदळाच्या दाण्याएवढी. मी उकरला होता तोही वर आला आहे. तिरका, पण आला आहे. मी ओट्यावर बसून राहिले. बर्फाचं पाणी छपरावरून टपकत होतं. उठले तेव्हा बारा वाजले होते आणि स्कर्ट पूर्ण ओला होता.

दुपारी खालील पत्र लिहिलं, उद्या टपाल कचेरी उघडली की रजिस्टर टपालानं पाठवेन. नक्कल इथे ठेवते.

श्री. नोझू सेइगो यांस,

गेल्या वर्षी ८ मार्चला तुम्ही माझ्या फुलातून जे घेतलं त्याची सात रोपं आज जमिनीवर आली आहेत. उरलेल्या चारांची आणखी पंधरा दिवस वाट पाहीन. ह्यांच्या रोपाचं जगात आता एवढंच आहे. ते आहे, ह्याचं कारण तुम्ही चोरी केलीत. त्या दिवशी सभागृहात मी तीनदा जो शब्द वापरला तो मी मागे घेत नाही, कारण तो खरा होता. पण त्याच्यापुढे जे म्हणायला हवं होतं ते म्हणायचं राहिलं: बरं केलंत.

निळ्या कुंडीबद्दल तुम्ही आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. कान तुमचे गेलेत, असं मी लोकांना सांगत फिरले.

तुम्ही पराग का घेतलात, हे मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. ते कळवावं.

दुसरं. रोपं पुढच्या शरदात वेगवेगळ्या कुंड्यांत घालावी लागतील. हे काम एका माणसाचं नाही. खडी कुणीतरी भुरभुरावी लागते. त्यानंतर तीन-चार वर्षं नुसती पानं आहेत. मी रोपांना मंडळात वाटून टाकू देणार नाही, आणि ओसाकाला अकराव्या मजल्यावर पाठवणार नाही. ज्यानं हे सुरू केलं त्यानं इथे असायला हवं, असं माझं म्हणणं आहे, आणि नोंदीच्या कामातला माझा अनुभव लक्षात घेता ते ग्राह्य धरावं.

माझ्या घरात खालच्या मजल्यावर दक्षिणेची खोली आहे. ह्यांच्या आजारपणात तिथे कठडे बसवले होते, ते अजून घट्ट आहेत, मी काल ओढून पाहिले. पायरी एकही नाही. खिडकीतून तुमचा ओटा दिसतो. घर विकलं गेलं तर माझा ओटा दिसेल, तोही वाईट नाही. रविवारी जेवण असतंच, बाकीचे सहा दिवस मी काही वेगळं रांधत नाही. लोक काय म्हणतील ते हात्सुकोनं आधीच म्हणून झालं आहे. रेइकोला वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात 'तुझ्या बाबांच्या भल्यासाठी' असं दोनदा घातलं आहे.

यंत्र कानात घालावं लागेल. ही अट आहे.

होय किंवा नाही, कारणासह, तुमच्या स्वतःच्या अक्षरात कळवावं. अक्षर थरथरलं तरी चालेल, मला ते वाचता येतं. फोन ग्राह्य नाही, कारण फोनवर तुम्ही नुसती मान हलवता. उत्तर रविवार दिनांक २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती पडायला हवं. रविवारी टपाल येत नाही, तेव्हा शुक्रवारच्या आत टाकावं.

इसोबे तामायो